बटणांचा डबा घेऊन बारामती-इंदापूर

बारामती

बारामतीच्या विश्रामगृहात सकाळी चहाचा कप बाजूला सारून मी मोठ्या ऐटीत डबा उघडला आणि त्यातून माझ्या बायकोची बटणं निघाली.

नुसती बटणं असती तरी एक वेळ चाललं असतं. हूक होते, पांढऱ्या-काळ्या दोऱ्यांची रिळं होती, सुया टोचलेला फडक्याचा तुकडा होता आणि सगळ्यांच्या वर, रफू अर्धवट राहिलेला माझाच एक मोजा होता. समोर बसलेल्या घोलप बाईंनी तो मोजा दोन बोटांत धरून बाजूला ठेवला आणि विचारलं, "सर, मुलांची परीक्षा यावर घ्यायची?"

आमच्या घरी बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आहेत. एकाच दिवाळीत आलेले, झाकणावर तीच घोडागाडी. एकात मी सरकारने दिलेले रंगीत लाकडी मणी ठेवले होते. दुसऱ्यात सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, शिवणकामाचं सामान ठेवते. निघायच्या गडबडीत मी डबा कानाशी धरून हलवला. खुळखुळला. अध्यापक विद्यालयात बालशिक्षण शिकवणाऱ्या माणसाला एवढा पुरावा पुरला.

आम्ही कशासाठी निघालो होतो ते थोडक्यात सांगतो. लहान मुलांना शाळेआधी शिकवायला सरकार पैसा देतं, पण एका खिशातून देत नाही. एका खात्याच्या अंगणवाड्या, दुसऱ्याच्या बालवाड्या, तिसऱ्याच्या अनुदानावर महिला मंडळं चालवतात त्या आणखी निराळ्या. आजवर जो तो आपल्या वाड्यांची तपासणी आपणच करायचा आणि आपल्याला उत्तम शेरा द्यायचा. आता ठरलं होतं की सगळ्यांना एकाच वेळी, एकाच मापाने मोजायचं. त्याचं नाव समन्वित मूल्यमापन. एका गावात दोन वाड्या असल्या तर जी कमी पडेल ती बंद, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जीप येताना दिसली की प्रत्येक बाईच्या तोंडावर ते वाचता यायचं.

घोलप बाई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. माहेर इंदापूरकडचं, सासर बारामतीचं, त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या गावांत त्यांची कोणी ना कोणी नणंद असायची. मी पुण्याचा तज्ज्ञ म्हणून त्यांच्यासोबत दिलेला. तज्ज्ञ हा शब्द त्या दिवसापासून घोलप बाईंनी माझ्यासाठी वापरला नाही.

एसटीडी बूथवरून घरी फोन केला. सुनंदा म्हणाली, "तरी म्हटलं ब्लाउजचे हूक गेले कुठे!" मण्यांचा डबा एसटीच्या कंडक्टरकडे द्यायला ती तयार होती, पण तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला असता आणि आम्हाला तर त्याच सकाळी गाव गाठायचं होतं. बूथमधल्या मीटरवर पैसे पळत होते. मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन जाहीर केलं की बटण म्हणजे चपटा मणीच. गोल असतं, रंग असतो, भोक असतं. उलट दोन-चार असतात.

"चला मग," घोलप बाई म्हणाल्या. "मोजा तेवढा इथेच ठेवा."

कालव्याकाठचं गाव

जीप हनुमंतराव चालवत होते. त्यांच्या आजोबांची मेंढरं होती. कऱ्हेपासून भीमेपर्यंत चारत न्यायचे म्हणे. "आता मेंढरं गेली, ही आली," जीपच्या दाराला थोपटत ते म्हणाले. "पर मेंढरू बरं. ते अडलं तर उचलून खांद्यावर टाकता येतं."

संक्रांत होऊन गेली होती. सोमेश्वरनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे ऊस, मागे ऊस. मध्येच रस्ता अडवून उसाच्या टायरगाड्या, बैलांच्या शिंगांना अजून पोळ्याचा उरलासुरला रंग. हवेत मळीचा आंबूस-गोड वास. पहिल्या तासाला तो बरा वाटतो. दुसऱ्या तासाला माझं डोकं चढलं ते उतरायला पुण्याला यावं लागलं.

आम्ही ज्या गावी गेलो त्याचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. गाव कालव्याला लागून, आणि गावाबाहेर कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या बीडकडच्या टोळ्यांचा तळ. गावात अंगणवाडी, तळावर, पत्र्याच्या शेडमध्ये, एका महिला मंडळाची बालवाडी. हंगाम असेतो चालायची. म्हणजे तीच जोडी, जिच्यातली एक बंद व्हायची.

सकाळी अंगणवाडी. सेविका कांताबाईंनी आधी मला खुर्चीत बसवून टॉवेल, टोपी, नारळ दिला. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात, तेही अशा सुरात की पाहुणा नको म्हणेल. इकडे विचारत नाहीत. डोक्यावर टोपी चढवतात आणि चहा आणतात. साखरेच्या मुलखातला तो चहा! मी कपात बोट बुडवलं असतं तर तार निघाली असती. पाच मिनिटांनी सरपंच आले आणि त्यांच्यासोबत मला पुन्हा एक कप मिळाला.

मुलांना एकेक करून सतरंजीवर बोलवायचं, पुढे बटणं ओतायची. लाल इकडे ठेव, पिवळी तिकडे ठेव. मग मला पाच दे. काम सोपं, पण दर वेळी खाली बसायचं आणि उठायचं. माझे गुडघे प्रत्येक मुलागणिक एक आवाज करू लागले आणि मुलं त्याला हसू लागली.

पिंकी नावाची एक मुलगी आली. लाल फ्रॉक, दोन घट्ट वेण्या. तिने ढिगातून सगळ्यात मोठं बटण उचललं: हिरवं, कडेला सोनेरी रेघ, कोणत्या तरी जुन्या कोटाचं.

"मला पाच दे," मी म्हणालो.

तिने चार माझ्या हातावर ठेवली. हिरवं मुठीत.

"ते पण दे बाळ."

"न्हाय."

"ते माझ्या बायकोचं आहे."

"तिला दुसरं घ्या की बाजारातनं," पिंकी म्हणाली आणि उठून गेली.

घोलप बाईंनी लिहिलं: चारपर्यंत येतात. मी म्हणालो, पाचही येतात, पाचवं तिने ठेवून घेतलंय. त्या म्हणाल्या, तसा रकाना नाही.

दुपारी कांताबाईंच्या ओसरीवर बाजरीची भाकरी, शेंगांची आमटी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. ठेचा मी आग्रहाने दुसऱ्यांदा घेतला. हे सांगायचं कारण पुढचा तासभर मी बोलण्याच्या परिस्थितीत नव्हतो, आणि त्याच अवस्थेत तळावर पोचलो.

तळ

पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्यांच्या रांगा, मध्ये बैल, शेण, वाढ्यांचे म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे आणि एका कडेला ती पत्र्याची शेड. दारात बालवाडीच्या शकीलाताई उभ्या. याच गावातल्या, नवऱ्याचं बाजारात टेलरिंगचं दुकान. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं. "सायेब, बटणं पायजे हुती तर आमच्या ह्यांना सांगायचं. पोतंभर दिली असती."

आत मुलं रांगेत बसली होती. डोक्यांना तेल, तोंडाला पावडर. मी बटणं ओतली आणि तोंड उघडायच्या आत पहिल्या मुलाने लाल इकडे, पिवळी तिकडे लावून दिली. दुसऱ्यानेही. तिसऱ्याने मी न मागताच पाच बटणं माझ्या हातावर ठेवली. मी थक्क झालो. ऊसतोडीच्या तळावर, अनुदान वेळेवर न मिळणाऱ्या बालवाडीत, ही तयारी! मनात वाक्यं जुळू लागली, अहवालात चांगली दिसतील अशी.

चौथ्या मुलाने ढीग उपसून विचारलं, "त्यातलं हिरवं कुठाय?"

मागच्या रांगेत एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. पिवळा फ्रॉक, एकच वेणी. गळ्यात काळा दोरा आणि दोऱ्यात सोनेरी रेघेचं हिरवं बटण.

"पिंकी?" मी म्हणालो.

ती वळली आणि बटणावर हात झाकून म्हणाली, "आता परत मागू नका."

मण्यांत हे झालं नसतं. मणी सगळे एकसारखे. पुण्याच्या माणसाला गावाकडची मुलंही एकसारखीच दिसतात, माझी ती रीत मोडली ती त्या कोटाच्या बटणाने. मी शकीलाताईंना बाहेर बोलावलं.

"ताई, ही मुलगी सकाळी अंगणवाडीत होती."

"व्हय."

"आणि तो पुढचा?"

"त्यो बी. समदी तितलीच हायेत." लाजणं नाही, घाबरणं नाही. "कांताबाईची तपासणी असली की माझी पोरं तिकडं जात्यात. माझी असली की तिची हिकडं येत्यात. शेजारणीकडनं विरजण आणत न्हाई का आपण? तसं. आजपातूर कधी अडलं न्हाय. ह्या खेपंला तुमी दोगींची एकाच दिशी काढली. म्हणून फ्रॉक बदलायची पाळी आली."

"पण तुमची मुलं कुठायत?"

त्यांनी हनुवटीने कोप्यांकडे दाखवलं. फडावरून बायका नुकत्याच परतल्या होत्या. चुली पेटल्या होत्या आणि प्रत्येक चुलीपाशी, आईच्या मांडीला चिकटून, एकेक-दोनदोन पोरं.

"आई पहाटं जाती, दुपारी येती," शकीलाताई म्हणाल्या. "आई दिसली की पोरगं माझ्यापाशी कशाला ऱ्हाईल? मी पहाटं उघडती. कागदावर माझी वेळ दुपारची हाय, साऱ्या जिल्ह्याला एकच. तुमी येता दुपारी. मग पोरं आणायची कुठनं?"

"वेळ बदलून मागितली नाही?"

"मागितली की. नियमात बसत न्हाय म्हणाले."

तेवढ्यात एका कोपीतून एक मुलगा लंगडत बाहेर आला. शकीलाताईंनी त्याच्याकडे बघितलं. "त्यो अंकुश. बालवाडी नव्हती तवा फडात निजवायचे त्याला, पाचटावर. गाडी मागं घेताना चाक पायावरनं गेलं. आता मला सांगा सायेब, तुमी आज लिवणार, हितं एक बी पोर नव्हतं. खरंच हाय. मग ही बंद. मग पुढल्या साली हे समदे परत पाचटावर."

मी रुमाल काढून नाक पुसलं. थोडा दोष ठेच्याचा होता, पण सगळा नाही.

"खरी पोरं बगायची असतील तर उद्या पहाटं या," त्या म्हणाल्या. "का थंडी सोसायची न्हाय?"

मला थंडी सोसत नाही. सर्दी होते, कंबर धरते, घरी मला पहाटे दूध आणायलाही कोणी पाठवत नाही. मी म्हणालो, "येतो." आयुष्यात मी जी काही कष्टाची कामं केली ती सगळी कोणीतरी असं हिणवल्यावरच केली आहेत.

परत जाताना जीपमध्ये मी घोलप बाईंना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

त्या बाहेर उसाकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "सर, तुम्ही बटणं मोजा. पोरं मोजू नका."

मला राग आला. ही बालवाडी बंद पडली तर यांच्याच अंगणवाडीचा पट वाढणार होता, हेही माझ्या मनात येऊन गेलं. अर्थात मनातच ठेवलं. जीप त्यांच्या ताब्यात होती.

पहाट

मुक्काम जवळच्या एका पाहुणेघरात. रात्रीबद्दल एवढंच सांगतो की गादी होती. पहाटे हनुमंतरावांनी दार वाजवलं तेव्हा मी स्वेटर, मफलर आणि अंथरुणातली चादर, इतकं अंगावर घेऊन जीपमध्ये बसलो. घोलप बाई आधीच बसल्या होत्या, डोक्यावरून शाल.

धुकं इतकं होतं की तळ दिसायच्या आधी ऐकू आला. घुंगरं, खोकले, कोणीतरी बैलाला दिलेली शिवी. शेडमध्ये एक पिवळा दिवा. गाड्या जुंपून होत होत्या, आणि बायका कोप्यांतून येऊन गोधडीत गुंडाळलेली पोरं शेडमध्ये आणून ठेवत होत्या. शकीलाताई एकेकाला उचलून रांगेत निजवत होत्या. कुजबुज चालली होती. "ह्याला रात्री खोकला हुता." "हिचं दूध डब्यात हाय." "त्यो उठला की चावतोय, तरी मारू नगा, ताई."

मी दारात उंबऱ्यावर बसलो होतो, चादर पांघरून. एक बाई घाईने आली, एका काखेत कोयता, दुसरीत मूल. मला बघून म्हणाली, "धरा वो आबा, गाडी निघाली," आणि मूल माझ्या हातात देऊन धुक्यात गेलीसुद्धा.

तिला मी नवा राखणदार वाटलो असणार. चादरीमुळे.

आमचा मुलगा आता हॉस्टेलवर असतो. इतकं लहान मूल मी कैक वर्षांत धरलं नव्हतं. दोन्ही हात पुढे करून, परातीत ठेवल्यासारखं मी ते धरून राहिलो. हनुमंतराव बिडी विझवून आले. "तसं न्हाय सायेब. कोकरावानी धरा. छातीला लावा, ऊब लागली पायजे." त्यांनी माझे हात वळवून दाखवले. मूल एकदा कण्हलं आणि माझ्या मफलरमध्ये नाक खुपसून झोपलं.

आता उठता येईना. शकीलाताई आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तसंच. हलवलं तर जागं हुईल, मग समदी उठत्यात." गाड्यांचे आवाज लांब गेले. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि पाय आहे की नाही याचीच शंका येऊ लागली. मूल्यमापनाचे कागद जीपमध्ये होते. घोलप बाई भिंतीला टेकून, पांघरूण लाथाडणाऱ्या एका पोरावर दर थोड्या वेळाने गोधडी ओढत होत्या. कोणाचीही तपासणी चालली नव्हती. मी दमलो होतो. खरं सांगायचं तर त्या दौऱ्यात मी पहिल्यांदा कामाला लागल्यामुळे दमलो होतो.

उजाडायच्या सुमारास माझ्या मांडीवर ऊब वाढली. चांगली वाढली. पँटीवरून खाली उतरून चपलेत गेली.

"सायेब," शकीलाताई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आता तुमी आमच्यातलं झाला."

ऊन आल्यावर मुलं एकेक करून उठली. शकीलाताईंनी तोंडं धुतली, लापशी वाढली, मग गाणी झाली आणि मग मी बटणं ओतली. ही पोरं पाठ करून आलेली नव्हती. एकीने लाल-पिवळं सोडून सगळी बटणं एकावर एक रचली आणि चिमणी केली, धुरासकट. धूर म्हणजे माझ्या मफलरचा सुटलेला धागा. एकाकडे पाच मागितली तर त्याने सात दिली, आणि दोन परत केली तर रडला. काहींनी बरोबर केलं. बरीच चुकली, जशी त्या वयाची मुलं चुकतात.

लंगडणारा अंकुश शेवटी आला. "वेगळी वेगळी लाव," मी सांगितलं. त्याने रंगाकडे बघितलंच नाही. एकेक बटण नाकाजवळ नेऊन दोन ढीग केले. एकात लाल, पिवळी, पांढरी सगळी. दुसऱ्यातही सगळी.

"हे कसं रे लावलंस?"

"ही दोन डोळ्यांची," तो म्हणाला. "ही चार डोळ्यांची."

यालाही रकाना नव्हता. घोलप बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी कागदाच्या समासात लिहिलं: डोळ्यांप्रमाणे लावली. बरोबर.

इंदापूर

त्याच दिवशी दुपारी इंदापूरला सगळ्या पथकांची बैठक होती. माझी दुसरी पँट बारामतीच्या विश्रामगृहात, मोज्यासोबत, आणि वाटेत तिथे थांबायला वेळ नव्हता. हनुमंतरावांनी सीटखालून आपला धुतलेला लेंगा काढून दिला. ते धिप्पाड माणूस. मी नाडी आवळून आवळून कमरेभोवती एक गाठोडं केलं आणि वर कोट घातला.

वालचंदनगरच्या फाट्याला लोक जंक्शन म्हणतात. रेल्वे मला कुठे दिसली नाही. मिसळ मात्र चांगली मिळाली. तिथल्या कंपनीच्या वसाहतीतली मुलं बूट-टाय घालून शाळेच्या बसमधून उतरत होती. शर्टांची सगळी बटणं लावलेली. दोन दिवसांत मला दुसरं काही दिसेनासंच झालं होतं.

जीपमध्ये मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं. दुपारची मुलं उसनी होती हे सांगायचं, आणि पहाटेची खरी मुलं होती हेही सांगायचं. खरं सांगितल्यावर लोक समजून घेतात असं मी विद्यालयात गेली वीस वर्षं शिकवत आलो आहे.

बैठकीला समन्वयक साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनाही तीन दिवस असाच चहा पाजलेला असणार. चेहरा पिवळा पडला होता. लोणी देवकरकडच्या पथकाने अहवाल दिला. मणी, रंग, आकडे, सगळं व्यवस्थित. आमची पाळी आली. मी पहाटेचे कागद आधी पुढे केले. साहेबांनी वेळ बघितली आणि कागद बाजूला ठेवले. "ही वेळ नियमात नाही, सर. केंद्राच्या मंजूर वेळेतलं निरीक्षण धरायचं. दुपारचं द्या."

मी लेंगा सावरत उभा राहिलो. "साहेब, दुपारची जी मुलं होती, त्यांच्याबद्दल मला एक सांगायचं आहे…"

"साहेब, त्याआधी एक," घोलप बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला, घोडागाडीचा डबा काढला आणि साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवला.

साहेबांनी एक बटण उचललं. "हे काय?"

"बटण."

"ते दिसतंय. मणी कुठायत?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

"पुण्याला," मी म्हणालो.

हसू आधी मागून आलं, मग पुढे पोचलं. लोणी देवकरकडच्या पथकातला एक जण डोळे पुसत होता. साहेब हसले नाहीत. ते आणखी वाईट. "सर, पहिल्या बैठकीत तुम्हीच सांगितलं होतं ना, मोजायचं साधन एक नसेल तर समन्वय कशाचा म्हणून?"

सांगितलं होतं. फळ्यावर लिहूनसुद्धा दाखवलं होतं.

"मग हे सगळं रद्द," साहेब म्हणाले. "तुमच्या पथकाची दोन्ही केंद्रं. यातलं काही धरता येणार नाही."

घोलप बाईंनी अगदी गरीब चेहरा केला. "मग त्या केंद्रांचं काय करायचं साहेब?"

"काय करणार? मूल्यमापनच झालं नाही तर बंद कशाच्या आधारावर करणार? यंदा आहेत तशी चालू. पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मण्यांनी."

माझं वाक्य तोंडातच राहिलं होतं. ते पूर्ण करावं असं मला खरंच वाटलं. पण लेंग्याची नाडी सुटू लागली होती, ती दोन्ही हातांनी धरून मी खाली बसलो. पहाटेच्या वेळेबद्दल तेवढं बोललो, बसल्या बसल्या. साहेब म्हणाले, वेगळ्या कागदावर द्या. दिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. शेवटी घोलप बाईच म्हणाल्या, "रागावलात?"

"सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली, बाई."

"तुमची एकट्याचीच गेली ना?" त्या म्हणाल्या. "बालवाडी न्हाई गेली." दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलल्या. मग शालीतून एक पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. शेंगदाण्याची चिक्की होती. गोड होती ती, आणि तरी मी खाल्ली.

घरी

घरी आलो तेव्हा अंगात कसर होती. सुनंदाने आधी डबा घेतला, मग मला. हूक मोकळे करत, रिळं गुंडाळत तिने सगळी हकिकत ऐकली. लेंग्यापाशी हसली. अंकुशच्या पायापाशी तिचा हात थांबला.

"ते हिरवं बटण," ती म्हणाली, "ते आपल्या राजूच्या कोटाचं. दुसरीतल्या."

"मी मागितलं होतं. तिने दिलं नाही."

"बरं केलं तिने." बारामतीहून उचलून आणलेला मोजा तिने बाजूला काढला, बटणं परत डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा फडताळात मण्यांच्या डब्याशेजारी ठेवला. मी कांबळं ओढून भिंतीकडे वळलो होतो. एव्हाना मला फक्त झोप हवी होती.

"ऐकलं का?" ती पाठीमागून म्हणाली. "पुढच्या वर्षी बोलावलं तर डबा मी देईन हातात. तुम्ही उघडून बघू नका."